आधी कोण, हे ठरवायचं कुणी?

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताने सहा पदके मिळवली, एक रौप्य आणि पाच कांस्य. त्या पाचांतले एक कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेचे, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारातले. पाकिस्तानला पदक एकच मिळाले, पण अर्शद नदीमने भालाफेकीत मिळवलेले ते पदक सोन्याचे होते. पदकतालिकेत पाकिस्तान ६२वा आला आणि भारत ७१वा. एकूण पदके मोजली असती तर भारत पाकिस्तानच्या बराच वर दिसला असता. ब्रिटनचे उदाहरण आणखी ठळक आहे. १४ सुवर्णपदकांमुळे तो सातवा, पण एकूण ६५ पदके धरली की अमेरिका आणि चीनच्या पाठोपाठ तिसरा. देश तेच, पदकेही तीच. दोन देश समोर आले की त्यांत वरचढ कोण, हे ठरवण्याची रीत तेवढी बदलली.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाच्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलसाठी प्राध्यापिकाबाईंनी हीच तालिका निवडली होती. 'देश' नावाचा क्लास लिहायचा, त्याच्या ऑब्जेक्टची यादी करायची आणि जावामध्ये ती क्रमाने लावायची. क्लासने कंपॅरेबल हा इंटरफेस घेतलाच पाहिजे, अशी अट प्रश्नात होती. एक्स्टर्नल म्हणून आलेला परीक्षक त्यांचाच जुना विद्यार्थी, आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहिणारा. प्रश्न वाचून तो त्या अटीपाशीच अडला.

"मॅडम, कंपॅरेबल सक्तीचं का केलंय?"

"कारण देशांचा क्रम कसा लागतो हे 'देश' क्लासला माहीत असायला हवं," बाई म्हणाल्या. "माहिती आणि तिचे नियम एकाच ठिकाणी ठेवायचे, हेच तर आपण मुलांना वर्षभर शिकवतो. आधी सुवर्ण, मग रौप्य, मग कांस्य. कंपेअरटूमध्ये एकदा लिहिलं की संपलं. नाहीतर प्रत्येक जण आपापल्या स्क्रीनवर वेगळी तालिका दाखवणार."

"पण लोक वेगळी तालिका दाखवतातच की! अमेरिकेतली बरीच माध्यमं एकूण पदकांवर क्रम लावतात. मग 'देश' क्लासने कुणाचं ऐकायचं? देशाला स्वतःची पदकं माहीत असावीत, हे मान्य. स्वतःचा नंबर त्याला कशाला माहीत हवा?"

दोघांचा वाद नेमका कशावर होता हे कळायला सॉर्टिंगच्या पोटात थोडे डोकवावे लागते. यादी लावणाऱ्या मेथडला देश म्हणजे काय आणि पदक म्हणजे काय, यातले काहीच कळत नसते. ती दोन ऑब्जेक्ट उचलते आणि एवढेच विचारते की या दोघांत आधी कोण. उत्तर आकड्यात येते. उणे आले तर पहिला आधी, अधिक आले तर दुसरा आधी, शून्य आले तर दोघे बरोबरीचे. एक लाख ऑब्जेक्टची विस्कटलेली यादी लावताना हा प्रश्न पंधरा-सतरा लाख वेळा विचारला जातो. हे उत्तर ऑब्जेक्टने स्वतः द्यायचे की बाहेरच्या एखाद्या पंचाने, हा खरा मुद्दा.

जावाने दोन्ही वाटा एकदमच उघडल्या. डिसेंबर १९९८मध्ये जावा १.२ आले, त्यात जोशुआ ब्लॉक यांनी रचलेले कलेक्शन्स फ्रेमवर्क होते. त्यातला कंपॅरेबल म्हणजे क्लासचा स्वतःचा, स्वाभाविक मानलेला क्रम. क्लासला असा क्रम एकच ठेवता येतो. कंपॅरेटर हा वेगळा ऑब्जेक्ट. तो दोन वस्तू हाती घेऊन निकाल देतो, आणि असे कंपॅरेटर हवे तितके लिहिता येतात. सी शार्पनेही पुढे आयकंपॅरेबल आणि आयकंपॅरर अशी हीच जोडी ठेवली. बाहेरून क्रम देण्याची कल्पना मात्र जावाच्या कितीतरी आधीची. सी भाषेतल्या क्यूसॉर्टला तुलना करणारे फंक्शन द्यावे लागते. स्मॉलटॉक-८०मध्ये तर सॉर्टेड कलेक्शनला क्रमाचा नियम ब्लॉक म्हणून देता येत असे. ज्या भाषेने ऑब्जेक्टचा विचार सर्वांत टोकाला नेला, तिच्यातही क्रम बाहेरून देण्याची सोय होती, हे विद्यार्थ्याच्या बाजूने सांगायलाच हवे.

बाईंना हा इतिहास पाठ होता. त्या एवढ्याने मागे हटणाऱ्या नव्हत्या.

"स्ट्रिंग बघ, इंटिजर बघ, लोकलडेट बघ. सगळ्यांनी कंपॅरेबल घेतलंय. म्हणून तर तुला तारखांची यादी एका ओळीत लावता येते, ट्रीसेटमध्ये न विचारता टाकता येते, कमाल-किमान काढता येतं. १५ ऑगस्ट २६ जानेवारीच्या आधी येतो की नंतर, हे प्रत्येक प्रोग्रॅमरने नव्याने ठरवायचं का?"

"तारखेला एकच क्रम आहे, मॅडम. वर्ष धरलं की त्यावर कुणाचं दुमत नाही. देशाला तसा एकच क्रम नाही, माणसाला नाही, मालाला नाही. आम्ही दिवसभर ज्या ऑब्जेक्टशी झगडतो त्यांतल्या बहुतेकांना तो नाही. ग्राहकांची यादी वसुली विभागाला थकबाकीप्रमाणे हवी असते, विक्री विभागाला शेवटच्या खरेदीप्रमाणे, छापील पत्रांसाठी पिनकोडप्रमाणे. यातला स्वाभाविक क्रम कुठला? एक निवडून क्लासमध्ये बसवला की उरलेले दोन विभाग त्याच्याशी भांडत बसतात."

मग त्याने फळ्यावर आपला उपाय लिहिला. मार्च २०१४मध्ये जावा ८ आले तेव्हापासून कंपॅरेटर लिहिणे फार सोपे झाले. आधी त्यासाठी पाच-सहा ओळींचा निनावी क्लास लागायचा. आता कंपेअरिंग आणि देनकंपेअरिंग या मेथड एकापुढे एक जोडल्या की काम होते. त्याने लिहिले: सुवर्णाने तुलना, मग रौप्याने, मग कांस्याने, मग नावाने, आणि मोठा आकडा वर यावा म्हणून शेवटी रिव्हर्स्ड. अमेरिका आणि चीन दोघांचीही सुवर्णे ४० होती. पहिल्या तुलनेत शून्य आले, म्हणून निकाल दुसरीकडे गेला. अमेरिकेची रौप्यपदके ४४, चीनची २७. ओळ वाचतानाच नियम कळतो, हे तिचे खरे बळ.

बाईंनी ती ओळ पाहिली आणि खडूने शेवटच्या शब्दाखाली रेघ ओढली.

"हा रिव्हर्स्ड कुणाला उलटं करतो?"

तो थांबला. रिव्हर्स्ड शेवटी लावला की त्याच्या आधीची सगळी साखळी उलटते, नावासकट. सारखी पदके असलेले देश आता वर्णमालेच्या शेवटाकडून सुरुवातीकडे लागणार. पदकांपुरतीच उलटी करायची तर रिव्हर्स्ड कांस्यानंतर लावायला हवा आणि नावाची तुलना त्याच्यापुढे जोडायला हवी. पाच-दहा देशांच्या चाचणीत ही चूक नजरेतून सुटते, कारण एवढ्या छोट्या यादीत पदकांची पूर्ण बरोबरी झालेले दोन देश बहुधा नसतातच.

"सोपं लिहिता आलं म्हणजे बरोबर लिहिलं गेलं असं नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या कंपॅरेटरबद्दल माझी तक्रार हीच आहे. जो उठतो तो ओळीच्या मध्येच एक लॅम्ब्डा टाकतो. त्याला नाव नसतं, चाचणी नसते, आणि त्याने करार पाळलाय का हे कुणी बघत नाही."

करार हा जावाच्या दस्तऐवजातलाच शब्द, आणि या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भागही तोच. तुलना करणाऱ्याने तीन गोष्टी पाळायच्या असतात. क हा खच्या आधी असेल, तर उलट विचारल्यावर ख हा कच्या नंतर आला पाहिजे. क हा खच्या आधी आणि ख हा गच्या आधी असेल, तर क हा गच्या आधी असलाच पाहिजे. क आणि ख बरोबरीचे असतील, तर तिसऱ्या कुणाशीही दोघांची तुलना सारखीच निघाली पाहिजे. वाचताना हे इतके उघड वाटते की मुद्दाम मोडायला कोण जाईल, असे मनात येते. पण हा करार मोडतो तो बहुतेक वेळा चांगल्या हेतूनेच.

बाईंनी फळा पुसला आणि तीन दवाखाने लिहिले. क एक किलोमीटरवर, मानांकन साडेतीन. ख १.४ किलोमीटरवर, मानांकन चार. ग १.८ किलोमीटरवर, मानांकन साडेचार. "आता तुमच्या ॲपमध्ये असतो तसा नियम घे. अंतरातला फरक अर्ध्या किलोमीटरच्या आत असेल तर तो सोडून द्यायचा आणि चांगलं मानांकन वर. फरक जास्त असेल तर जवळचा वर. रुग्णाच्या सोयीचाच नियम आहे ना?"

"आहे."

"मग लाव क्रम."

क आणि ख यांच्यात ४०० मीटरचा फरक, म्हणून ख वर. ख आणि ग यांच्यातही ४००च, म्हणून ग वर. आता क आणि ग. फरक ८०० मीटर, म्हणून जवळचा क वर. गच्या खाली ख, खच्या खाली क आणि कच्या खाली पुन्हा ग! यादीला टोकच उरले नाही. प्रत्येक जोडीचा निकाल शहाणपणाचा आहे, आणि तिघांना मिळून एका रांगेत उभे करणे अशक्य आहे.

जावाने असल्या नियमांकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले. जुना मर्ज सॉर्ट अशा यादीतून काहीतरी क्रम काढून गप्प बसायचा. जुलै २०११मध्ये जावा ७ आले आणि ऑब्जेक्टच्या सॉर्टिंगसाठी टिमसॉर्ट वापरात आला. टिम पीटर्स यांनी तो २००२मध्ये पायथनसाठी लिहिला होता. यादीत आधीपासून असलेले सलग तुकडे हेरून तो ते जोडत जातो, आणि जोडताना हिशेब जुळेनासा झाला की जावातला टिमसॉर्ट काम थांबवून एक्सेप्शन टाकतो: 'कंपॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट!' त्या काळात जावाची आवृत्ती बदलली आणि वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेले प्रोग्रॅम या एका वाक्यावर बंद पडले, असे अनेक ठिकाणी घडले. चूक जुनीच होती, ती दिसू लागली एवढेच.

"आमच्याकडच्या एका जुन्या प्रणालीत हे झालं होतं," विद्यार्थी म्हणाला. "कुणीतरी जुना मर्ज सॉर्ट परत चालू करायची सेटिंग शोधून काढली आणि ती लावून टाकली."

"म्हणजे तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद केलं. यादी चुकीची ती चुकीचीच राहिली."

"हो. पण यात कंपॅरेटरचा दोष कुठे आहे? हाच नियम दवाखान्याच्या क्लासमध्ये कंपेअरटू म्हणून लिहिला असता तरी तो असाच मोडला असता. करार दोघांनाही सारखाच लागू आहे. उलट, नियम बाहेर आहे म्हणून तो मला एकट्याला बाजूला काढून तपासता येतो. अंतराचे अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरचे टप्पे करायचे, आधी टप्प्याने तुलना आणि मग मानांकनाने. क आणि ख एका टप्प्यात, ग पुढच्या. क्रम ख, क, ग. हे तीन ओळींत बदलता येतं, आणि दवाखान्याच्या क्लासला हातही लावावा लागत नाही."

इथे त्याचे म्हणणे पटते. नियम मोडण्याचा धोका दोन्हीकडे सारखाच असेल, तर दुरुस्ती जिथे सोपी तिथेच तो नियम असावा.

बाईंनी मग वजाबाकीचा विषय काढला. दोन पूर्णांकांची तुलना करायची तर पहिल्यातून दुसरा वजा करून टाकायचा, ही युक्ती मुले एकमेकांच्या जर्नलमधून उतरवतात. जावाच्या इंटमध्ये २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचाच आकडा मावतो. रक्कम पैशांत ठेवली, एका खात्यात दीड कोटी रुपये जमा असले आणि दुसरे खाते ऐंशी लाखांनी उणे असले, की वजाबाकीचे उत्तर २३० कोटी पैसे येते. ते इंटमध्ये मावत नाही, फिरून उणे होते, आणि दीड कोटीचे खाते उणे खात्यापेक्षा गरीब ठरते. इंटिजर क्लासची कंपेअर मेथड जावा ७पासून हाताशी आहे. वजाबाकीची सवय मात्र अजून गेलेली नाही.

करार मोडल्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग बँकेत किंवा दवाखान्यात घडलेला नाही, तो घडला ब्राउझरच्या यादीत. युरोपियन कमिशनशी झालेल्या समझोत्यानुसार मायक्रोसॉफ्टला २०१०मध्ये युरोपातल्या विंडोज वापरणाऱ्यांपुढे वेगवेगळे ब्राउझर निवडीसाठी ठेवायचे होते. कुणाला झुकते माप मिळू नये म्हणून पहिल्या पाचांचा क्रम दर वेळी यदृच्छेने ठरायचा होता. त्यासाठी जावास्क्रिप्टच्या सॉर्टला असा कंपॅरेटर दिला गेला की जो दर वेळी यादृच्छिक आकडाच परत करतो. रॉब वीअर या अभियंत्याने ते पान पुन्हा पुन्हा चालवून मोजणी केली, तेव्हा वाटणी अजिबात सारखी नव्हती. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालवले असता इंटरनेट एक्सप्लोरर जवळपास निम्म्या वेळा पाचव्या जागी जात होता. सारखी वाटणी असती तर हे पाचातून एकदाच व्हायला हवे होते. यात कुणाचा कट नव्हता. सॉर्टचे सारे गणित तुलनेच्या उत्तरांवर विसंबून असते, आणि इथे तर एकाच जोडीला दोनदा विचारले तर उत्तर बदलत होते. पुढे ती यादी पत्ते पिसण्याच्या योग्य पद्धतीने तयार केली गेली.

"हे तू मुलांना सांग," बाई म्हणाल्या. "यादी पिसायला सॉर्ट वापरणारे माझ्याकडे दर वर्षी निघतात."

चहा आला. आतापर्यंत दोघे एकमेकांना अडवत होते. पुढचा विषय बाईंच्या रोजच्या कामातला निघाला: हजेरीपट. आडनावांची मराठी यादी क्रमाने लावायची, त्यात स्वाभाविक क्रमावर शंका घ्यायला जागा कुठे?

विद्यार्थ्याने चार आडनावे लिहिली: गोरे, गोवंडे, गोसावी, गोळे. मराठी वर्णमालेत ळ हा हनंतर येतो, म्हणून हाच क्रम बरोबर. जावाच्या स्ट्रिंगला हीच यादी तिच्या स्वतःच्या कंपेअरटूने लावायला सांगितली, तर गोळे उडी मारून दुसऱ्या जागी येतात. युनिकोडमध्ये लचा क्रमांक २३५४, ळचा २३५५ आणि वचा २३५७ आहे. स्ट्रिंगचा स्वाभाविक क्रम हा या क्रमांकांचा क्रम, त्याला मराठी वर्णमाला माहीत नाही. ॲची गत याहून वाईट. तो अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आला आणि त्याला २४१८ हा क्रमांक मिळाला. ह २३६१वर आहे. त्यामुळे वैद्यकीय शब्दांच्या यादीत ॲलर्जी हळदीच्याही नंतर येते. रोमन लिपीतही तेच. मोठ्या लिपीतला झेड छोट्या लिपीतल्या एच्या आधी येतो, आणि म्हणून जावा १.२ने स्ट्रिंगच्या सोबतच अक्षरांची लहान-मोठी लिपी न पाहणारा एक तयार कंपॅरेटर दिला.

"बघा मॅडम," तो म्हणाला, "स्ट्रिंगइतका जुना, एवढ्या विचाराने लिहिलेला क्लास. त्याचा स्वाभाविक क्रमही आपल्या हजेरीपटाला चालत नाही."

बाई काही वेळ यादीकडे पाहत राहिल्या. "क्षचं काय करणार? वर्णमालेच्या तक्त्यात तो ळनंतर येतो. पण क्षमा हा शब्द शोधायला बरेच कोश तुला कमध्येच पाठवतात, कारण तो क आणि ष यांचा जोड आहे."

"म्हणजे मराठीतही क्रम एकच नाही. कोशाचा वेगळा, तक्त्याचा वेगळा."

"म्हणून तर मी म्हणते की हे प्रत्येकाने आपापल्या लॅम्ब्डात लिहायचं काम नाही! एक कंपॅरेटर असू दे, त्याला नाव असू दे, तो एका ठिकाणी असू दे. मराठी वर्णानुक्रम. हजेरीपट, निकालपत्र, ग्रंथालय, सगळ्यांनी तोच मागायचा."

या वाक्यासरशी बाईंची जागा बदलली होती, आणि त्यांनी ती मोकळेपणाने बदलली. क्रम क्लासबाहेर असायला त्यांची आता हरकत नव्हती. तो बेवारस असायला होती. सुदैवाने मराठीसाठी हे काम शून्यापासून करावे लागत नाही. युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीभांडारात भाषेनुसार क्रमाचे नियम आहेत, त्यांत मराठीचेही आहेत, आणि आयसीयू ही खुली लायब्ररी त्यांवरून कोलेटर तयार करून देते. जावाचा कोलेटर स्वतःच कंपॅरेटर आहे, त्यामुळे तो सॉर्टला जसाच्या तसा देता येतो. यादी मोठी असेल तर प्रत्येक नावाची कोलेशन की एकदाच काढून ठेवावी आणि मग त्या कींची तुलना करावी. लाखभर नावांसाठी एक लाख वेळा की काढणे आणि सोळा लाख वेळा दोन नावे अक्षर-अक्षर चाळणे, यातला फरक घड्याळावर दिसतो.

पायथनने हा विचार शेवटपर्यंत नेला. २००८च्या अखेरीस आलेल्या पायथन ३ने सॉर्टमधून तुलनेचे फंक्शन काढूनच टाकले आणि फक्त की ठेवली. प्रत्येक वस्तूसाठी एक किंमत काढा, क्रम त्या किमतींचा. बाईंना ही रीत पसंत आहे, कारण किमती साध्या संख्या असतील तर क आधी, ख आधी, ग आधी असा फेरा पडूच शकत नाही. विद्यार्थ्यालाही ती आवडते, आणि जावातली कंपेअरिंग मेथड तरी वेगळे काय करते, असे त्याचे म्हणणे. तीही कीच मागते. हाताने तुलना लिहिण्याची वेळ फार थोड्या ठिकाणी येते.

शेवटचा खडाजंगीचा विषय शून्याचा होता. तुलनेचे उत्तर शून्य आले म्हणजे दोन वस्तू एकच का? ट्रीसेट म्हणतो, हो. ट्रीसेट आणि ट्रीमॅप हे समानता ठरवताना इक्वल्सला विचारतच नाहीत, तुलनेत शून्य आले की ती वस्तू आधीच आहे असे समजतात. विद्यार्थ्यांचे ऑब्जेक्ट फक्त गुणांवर तुलना करणाऱ्या ट्रीसेटमध्ये टाकले, तर ७८ गुणांचा दुसरा विद्यार्थी आत जातच नाही. चूक कळवली जात नाही, एक्सेप्शन येत नाही, मुलगा यादीतून नाहीसा होतो. बाईंनी हे कंपॅरेटरविरुद्धचे हुकमी उदाहरण म्हणून पुढे केले. विद्यार्थ्याने उत्तरादाखल जावाचाच बिगडेसिमल काढला. त्यात २.० आणि २.०० हे इक्वल्सने वेगळे आहेत आणि कंपेअरटूने बरोबरीचे. दोन्ही हॅशसेटमध्ये टाकले तर दोन राहतात, ट्रीसेटमध्ये टाकले तर एकच उरतो. क्रम क्लासच्या आत ठेवला म्हणून हा खड्डा बुजत नाही. गुणांनंतर आसनक्रमांक जोडला की बरोबरी सुटते, हे दोघांनाही मान्य झाले. साध्या लिस्टला हा धोका नाही. तिथे जावाचा सॉर्ट बरोबरीच्या वस्तू मूळ क्रमानेच ठेवतो, तशी हमी आहे.

या वादात विद्यार्थ्याचे पारडे जड आहे. स्वाभाविक क्रम त्याच क्लासला द्यावा ज्याच्या क्रमावर कुणाचे दुमत नाही: तारीख, रक्कम, आवृत्तीचा क्रमांक. देश, ग्राहक, विद्यार्थी, दवाखाना यांना तो देऊ नये. त्यांचा क्रम काय विचारायचे आहे यावर ठरतो आणि तो कंपॅरेटरमध्येच असावा. पण बाईंच्या आग्रहाशिवाय हा निकाल अपुरा आहे. कंपॅरेटरला नाव हवे, तो एका जागी हवा आणि कराराच्या तीनही अटींवर त्याची चाचणी हवी. ही चाचणी अवघड नाही. साठ ऑब्जेक्ट घेतले तर त्यांची सगळी त्रिकुटे २,१६,००० होतात आणि साधा लॅपटॉप ती पाहता पाहता तपासतो.

त्या दिवशी प्रश्नपत्रिका बदलली. कंपॅरेबलची सक्ती गेली. त्याऐवजी 'सुवर्णानुसार' आणि 'एकूण पदकांनुसार' असे दोन कंपॅरेटर मागितले, आणि दोन्हींसाठी त्रिकुटांची चाचणी. पाच देशांची यादी जाऊन पॅरिसमध्ये पदक मिळवणाऱ्या सगळ्या देशांची यादी आली. जे शिक्षक हा विषय प्रॅक्टिकलला घेतात त्यांनी एवढे जरूर करावे: यादी मोठी द्यावी आणि त्रिकुटांची चाचणी मागावी. ३२पेक्षा कमी ऑब्जेक्ट असले तर जावाचा टिमसॉर्ट तुकडे जोडण्याच्या वाटेला जातच नाही, आणि मोडलेल्या कराराची तक्रार तो फक्त तुकडे जोडतानाच करतो.